टोमॅटोच्या वाणांची तुलना करताना या चुका टाळा

‘हे वाण काही कामाचं नाही’ असा निकाल कुणी दिला की मी आधी विचारते, तुलना कशाशी केली? बहुतेक वेळा दोष वाणाचा नसतोच.

सर्वात मोठा गोंधळ वाढीच्या प्रकारावरून होतो. रोमा मर्यादित वाढीचं वाण. शेंड्याला फुलोरा आला की खोडाची वाढ थांबते, झाड बुटकं राहतं आणि बरीचशी फळं थोड्याच आठवड्यांत एकदम पिकतात. सनगोल्ड, ब्रँडीवाइन अमर्याद वाढीची. थंडीचा कडाका किंवा रोग आडवा येईपर्यंत वर चढत राहतात आणि घोसामागून घोस देतात. माझ्या एका मैत्रिणीनं रोमा आणि सनगोल्ड शेजारी-शेजारी लावले. बगलफुटी, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातून येणारे फुटवे, काढाव्यात असं तिनं कुठेतरी ऐकलं होतं, म्हणून दोन्हींच्या झाडून सगळ्या खुडल्या. सनगोल्डला ते मानवलं. रोमाचं बरंचसं पीक त्याच फुटींवर यायचं होतं! मुख्य खोड थांबलं, हाती मूठभर फळं आली. तिनं रोपं उपटली आणि भेटेल त्याला सांगत सुटली, रोमा लावू नका. ऐकणाऱ्यांनी ते खरं मानलं, याचं मला फार वाईट वाटतं. मी मर्यादित वाणाच्या फक्त पहिल्या घोसाखालच्या फुटी काढते, बाकीच्यांना हात लावत नाही. आणि रोमाची तुलना करायचीच तर दुसऱ्या मर्यादित वाणाशी करते.

दुसरी चूक उतावळेपणाची. बियाण्याच्या पाकिटावर लिहिलेले फळ पिकायचे दिवस सहसा रोप जागेवर लावल्यापासूनचे असतात, बी पेरल्यापासूनचे नव्हेत. रोप तयार व्हायला लागणारे सहा ते आठ आठवडे वेगळे. सनगोल्डला साधारण 60 दिवस पुरतात, मोठ्या फळांच्या ब्रँडीवाइनला 80 च्या पुढे लागतात. लोक साठाव्या दिवशी ब्रँडीवाइनला नावं ठेवतात, मग नत्राचं खत ओततात. त्यानं पाला माजतो, फळं आणखी लांबतात. थांबायची तयारी नसेल तर मोठ्या फळांची वाणं लावूच नयेत.

एकेका रोपावरून निकाल देऊ नका. मी प्रत्येक वाणाची निदान तीन रोपं लावते, तीही एकाच वाफ्यात सरमिसळ करून, म्हणजे ऊन-पाणी सगळ्यांना सारखं मिळतं.

फळाचं बूड काळं पडलं की आधी पाणी तपासा. कधी कोरडं, कधी चिखल असं झालं की कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. लांबट फळांच्या वाणांत हे जास्त दिसतं, चेरी टोमॅटोत क्वचितच.

कडक उन्हाळ्यातली फुलगळ वाणाच्या खात्यावर मांडू नका.

चव बघायची फळं फ्रिजमध्ये ठेवू नका, गारठ्यानं वास मरतो.

सनगोल्ड संकरित आहे, म्हणजे दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून आलेलं. त्याच्या फळातलं बी धरून पुढच्या हंगामात जे उगवेल, ते सनगोल्ड म्हणून तुलनेत घेऊ नका.