गावाकडचा मित्र दुबईला येतोय? आधी त्याची बॅग बघा

जळगाव-भुसावळकडचा मित्र दुबईत तुमच्याकडे राहायला येणार असेल, तर निम्मी तयारी तो विमानात बसायच्या आधीच उरकावी लागते.

आधी पासपोर्टचा फोटो मागवा. सहा महिन्यांची मुदत शिल्लक हवी. आडनावाचा रकाना कोरा असेल तर तिकीट काढू नका, आधी विमान कंपनीला विचारा. नुसतं एकच नाव असलं की २०२२ पासून टुरिस्ट व्हिसा अडतो. व्हिसा तीस किंवा साठ दिवसांचा मिळतो. मुदत संपल्यावर राहिलं तर रोज ५० दिरहम दंड.

आता बॅग. इथे हयगय नको, कारण खसखस या देशात अमली पदार्थात मोडते आणि ती सापडली तर थेट अटक होऊ शकते. आपल्याकडे काळ्या मसाल्यात बरेच जण ती भाजून घालतात. दळल्यावर दिसत नाही, म्हणून लक्षातही राहत नाही. अनारशांवर तर ती वरूनच थापलेली असते, आणि दिवाळीनंतर येणाऱ्याच्या डब्यात अनारसे असतातच. म्हणून त्याच्या घरी स्वतः फोन करा आणि आईला किंवा वहिनींना सांगा की मसाला द्यायचाच तर खसखस न घालता वेगळा कुटा. विड्याची पानंही नकोत. कोडीनवालं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या, झोपेच्या गोळ्या यांना इथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी आधी काढावी लागते. बिबडे, कळण्याचं पीठ, शेव खुशाल आणू द्या.

बोलवायचं तर नोव्हेंबर ते मार्च. ‘आमच्याकडेही पंचेचाळीस असतं’ असं तो म्हणेल, पण खान्देशातलं ऊन कोरडं असतं. इथे उन्हाळ्यात समुद्राची दमट हवा असते, घाम वाळतच नाही.

भरिताचा बेत ठरलेलाच असतो. फ्लॅटमध्ये वांगी आचेवर भाजली की धुराचा अलार्म वाजतो, आणि त्यावर पिशवी बांधणं धोक्याचं आहे. वांग्यांना सुरीने चार-पाच टोचे मारा, नाहीतर ती फुटतात. तेल लावून ओव्हनमध्ये २२० अंशांवर पाऊण तास ठेवा, मध्ये एकदा उलटा. पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळक्या काड्यांच्या) जाळावर वांग्याचं पाणी उडून जातं, ओव्हनमध्ये ते आतच राहतं. सोललेला गर दहा मिनिटं चाळणीत निथळला नाही तर भरीत पचपचीत होतं. मिरची, लसूण, कांद्याची पात नेहमीसारखी.

तुम्ही ऑफिसात असाल त्या दिवसांसाठी त्याला मेट्रो-बसच्या भाड्याचं नोल कार्ड काढून द्या. मेट्रोत काही खाल्लं किंवा महिलांच्या डब्यात पुरुष शिरला तर १०० दिरहम दंड होतो, त्यामुळे त्या डब्याची गुलाबी पट्टी त्याला पहिल्याच दिवशी दाखवा. देरा भागात जाताना खाडी अब्र्याने ओलांडायला सांगा. या लाकडी होडीचं भाडं एक दिरहम, आणि जुनं दुबई तिच्यातून छान दिसतं.

देऱ्यात सोन्याचा बाजार आहे, आणि जळगावच्या माणसाला सोन्याची पारख असते. खरेदीआधीच त्याला सांगा: दागिन्यांवरची कस्टमची सूट परदेशात वर्षाहून जास्त राहिलेल्यालाच मिळते. पंधरा दिवसांसाठी आलेल्याने इथे घेतलेली साखळी मुंबईत उतरल्यावर कस्टमच्या रेड चॅनलला (सामान जाहीर करायच्या रांगेत) दाखवून ड्युटी भरायची असते. तो हिशेब दुकानातच मांडला, की घ्यायचं की नाही ते त्याचं तो ठरवतो.