मेंदूत करंट देऊन कनेक्शन्स शोधताय? आधी रेफरन्स तपासा

सीसीईपीवर (कॉर्टिको-कॉर्टिकल इव्होक्ड पोटेन्शियल, म्हणजे मेंदूच्या एका भागाला करंट दिल्यावर दुसऱ्या भागात उमटणारा रिस्पॉन्स) नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी लिहितोय. एसईईजी (मेंदूत खोलवर घातलेल्या इलेक्ट्रोडवरचं रेकॉर्डिंग) आणि ईसीओजी (मेंदूच्या पृष्ठभागावर ठेवलेल्या इलेक्ट्रोडवरचं) यांची तोंडओळख आहे असं धरतो. औषधांनी फिट्स थांबत नाहीत अशा पेशंटच्या मेंदूत तपासणीसाठी इलेक्ट्रोड बसवलेलेच असतात, त्यातल्या एका जोडीवर काही मिलिअँपिअरचा छोटा पल्स द्यायचा, पुन्हा पुन्हा द्यायचा, आणि बाकीच्या इलेक्ट्रोडवर काय उमटतं त्याचं ॲव्हरेज काढायचं. मात्सुमोतो आणि सहकाऱ्यांनी २००४ साली भाषेच्या भागांमधली कनेक्शन्स अशीच दाखवली. डिफ्यूजन एमआरआयमध्ये (मेंदूतले तंतू दाखवणारा स्कॅन) रस्ता दिसतो पण सिग्नल कुठल्या बाजूने जातो ते कळत नाही, इथे दिशा कळते, आणि जिवंत माणसाच्या मेंदूत हे मिलिसेकंदात बघायला मिळतं याचं मला अजूनही अप्रूप आहे.

पण डेटा हातात आला की बहुतेकजण लगेच एन१ शोधायला लागतात, म्हणजे पल्सनंतर साधारण १० ते ५० मिलिसेकंदांत येणारा रिस्पॉन्सचा पहिला पीक. इथेच थांबा. मला सगळ्यात जास्त छळलं ते कॉमन ॲव्हरेज रेफरन्सने. रेफरन्स म्हणजे ज्याच्या तुलनेत प्रत्येक चॅनलचं व्होल्टेज मोजायचं ते, आणि इथे ते म्हणजे सगळ्या चॅनलचं ॲव्हरेज. होतं काय, स्टिम्युलेशनच्या जवळच्या चॅनलवर प्रचंड मोठा रिस्पॉन्स येतो, तो सगळ्यांच्या ॲव्हरेजमध्ये मिसळतो, आणि ते ॲव्हरेज तुम्ही प्रत्येक चॅनलमधून वजा करता. म्हणजे जिथे काहीच घडलेलं नाही तिथेही त्याच रिस्पॉन्सची उलटी, लहान कॉपी उमटते! मग अख्खा मेंदू एकमेकांना जोडलेला दिसतो आणि माणूस खूश होतो. ओळखायचं कसं, तर लांब लांबच्या चॅनलवर पीक अगदी एकाच वेळी येतो, आकार तोच, फक्त उलटा, आणि शेजारच्या दोन कॉन्टॅक्टचा (इलेक्ट्रोडवरचे मोजायचे बिंदू) बायपोलर फरक काढला की गायब. ॲव्हरेज घ्यायचंच असेल तर पल्सनंतर शांत राहिलेल्या चॅनलचंच घ्या, आणि स्टिम्युलेट केलेली जोडी त्यात अजिबात नको. हे दर स्टिम्युलेशन साइटला नव्याने ठरवायला लागतं, कंटाळवाणं आहे, तरी करा.

बाकी गोष्टी इतक्या अवघड नाहीत, खरंच घाबरू नका. एसईईजीत एन१ वर जातो की खाली हे कॉन्टॅक्ट कॉर्टेक्सच्या (मेंदूच्या बाहेरच्या थराच्या) कुठल्या बाजूला आहे त्यावर ठरतं, त्यामुळे नुसत्या निगेटिव्ह पीकवर अडून बसू नका. आर्टिफॅक्ट (पल्समुळेच रेकॉर्डिंगमध्ये उमटणारा खोटा झटका) काढायच्या आधी फिल्टर लावलात तर तो पुढेमागे पसरतो, म्हणून आधी आर्टिफॅक्ट, मग फिल्टर. आणि रिस्पॉन्स दिसला नाही म्हणजे कनेक्शन नाही असं कधीच लिहू नका, इलेक्ट्रोड डॉक्टरांना गरज होती तिथे बसवलेत, तुम्हाला हवे तिथे नाही.

डेटा प्रोसेस करणारी तयार पाइपलाइन देऊन 'चालव' म्हणणाऱ्या गाइडपेक्षा तुमच्याबरोबर बसून कच्च्या लाटा बघणारा गाइड शोधा, नाव मोठं नसलं तरी चालेल, माझं हे ठाम मत आहे. शक्य असेल तर एकदा रेकॉर्डिंग चालू असताना तिथे थांबा. पल्सनंतर आफ्टर-डिस्चार्ज (पल्स थांबल्यावरही चालू राहणारी फिटसारखी ॲक्टिव्हिटी) आला की करंट कमी करायचा की थांबायचं हे डॉक्टर ठरवतात, पेशंट दमला की सेशन तिथेच संपतं. म्हणून ज्या साइट्स तुमच्या प्रश्नासाठी सगळ्यात महत्त्वाच्या आहेत त्यांची यादी आधीच डॉक्टरांना दाखवा आणि चालत असेल तर त्या पहिल्यांदा घ्यायची विनंती करा.