जर्मनीचा हँडबॉल संघ कार्डशीटवर कसा मांडायचा

आमच्या शाळेच्या क्रीडा कक्षात एकेका देशाच्या संघाचा तक्ता लावायची पद्धत मी पाडली आहे. मोबाइलवर बुंदेसलिगाचे, म्हणजे जर्मनीच्या हँडबॉल लीगचे, गोल बघून लेकरं मनगट फिरवायला शिकतात. पण जर्मनीचे पुरुष जगज्जेते किती वेळा झाले म्हटलं की एक म्हणतो तीनदा, दुसरा म्हणतो एकदा, आणि दोघांकडेही पुरावा असतो. म्हणून सुरुवात याच संघापासून करा. हा जमला की डेन्मार्क, स्वीडन चुटकीसरशी होतात.

दोन कार्डशीट खाली-वर चिकटवा. रकाने असे: वर्ष, स्पर्धा, यजमान, किती संघ, कोणत्या नावानं खेळले, कितवे आले, अंतिम सामना कोणाशी, शेरा. शेऱ्याला निम्मी रुंदी द्या. लेकरं तिथंच थांबून वाचतात, बाकीच्या आकड्यांवरून नजर नुसती फिरते.

पहिली ओळ लिहितानाच पेनाचा रंग ठरवावा लागतो. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये जर्मनीनं ऑस्ट्रियाला 10-6 नं हरवून सुवर्ण घेतलं. पण ते मैदानी हँडबॉल होतं, फुटबॉलएवढ्या गवतावर, अकरा-अकरा जणांचं. आपण खेळतो ते 40 बाय 20 मीटरच्या कोर्टावरचं, सात जणांचं, ऑलिंपिकमध्ये आलं थेट 1972 ला म्युनिकमध्ये. दोन्ही एका रंगात लिहिलंत तर बेरीज चुकणारच. मैदानी हिरव्यात, इनडोअर निळ्यात, एवढं ठरवून टाका.

'किती संघ' हा रकाना मी अजिबात गाळू देत नाही. 1938 ची पहिली इनडोअर जागतिक स्पर्धा जर्मनीनं बर्लिनमध्ये जिंकली खरी, पण संघ होते चार आणि सामना अवघ्या वीस मिनिटांचा. 1978 ला सोळा संघ होते, 2007 ला चोवीस, 2021 पासून बत्तीस. कितवे आले हे त्याशिवाय कळत नाही. तालुक्याला दोनच संघ येतात आणि एक सामना जिंकून आपण जिल्ह्याला जातो, हे कोणत्या क्रीडाशिक्षकाला माहीत नाही?

आता खरी डोकेदुखी, देशाचं नाव. 1949 ते 1990 जर्मन्या दोन होत्या. इथं मी लातूरचा दाखला देतो. 1982 ला लातूर जिल्हा उस्मानाबादमधून निघाला. मग त्याआधी उदगीरच्या पोरानं मिळवलेलं बक्षीस कोणत्या जिल्ह्याच्या खात्यात? नोंद उस्मानाबादचीच राहणार, पोरगं उदगीरचंच राहणार. आणि आता त्या उस्मानाबादचंही धाराशिव झालं. तसंच इथं करा: खेळले त्या वेळचं नाव लिहा, नंतरचं नाही. 1970 आणि 1974 ला जागतिक स्पर्धेत दुसरा आला तो पूर्व जर्मनी. दोन्ही वेळा रुमानियाकडून हरला, त्यातही 1974 ला घरच्या मैदानावर. 1978 ला कोपनहेगनमध्ये सोव्हिएत संघाला 20-19 नं हरवून जगज्जेता झाला तो पश्चिम जर्मनी. 1980 चं मॉस्कोतलं ऑलिंपिक सुवर्ण पूर्वेचं, तेही यजमान सोव्हिएत संघाविरुद्ध जादा वेळेत 23-22. आणि 1958 ला दोघांचा मिळून एकच संघ उतरला होता, तिसरा आला. त्या ओळीत 'एकत्रित' लिहा. नावाच्या रकान्यात हे एवढं नीट आलं की 1938, 1978 आणि 2007 मिळून तीन कसे, आणि एकीकरणानंतरचा फक्त एक कसा, हे पोरं स्वतःच मोजून सांगतात.

जे खेळले नाहीत तेही लिहायचं. 1980 ला पश्चिम जर्मनीनं बहिष्कार टाकला, 1984 ला पूर्वेनं. लॉस एंजेलिसला पश्चिमेला रौप्य मिळालं, त्याच्या शेऱ्यात 'सोव्हिएत संघ आणि पूर्व जर्मनी गैरहजर' एवढं टाका. पदकाची किंमत कमी करायची म्हणून नाही. युगोस्लाव्हिया तिथं होता, आणि अंतिम सामन्यात त्यानंच यांना हरवलं.

पात्रता फेऱ्या बहुतेक जण सोडून देतात, पण एक सामना सोडू नका. मार्च 1976, कार्ल-मार्क्स-स्टाट, म्हणजे आजचं केम्निट्झ. मॉन्ट्रियल ऑलिंपिकला जायचं तिकीट आणि समोरासमोर दोन्ही जर्मन्या. आधीचा सामना पश्चिमेनं जिंकला होता, इथं पूर्व जर्मनी 11-8 नं पुढं. अगदी शेवटच्या क्षणी त्यांना सात मीटरचा थ्रो, म्हणजे हँडबॉलमधली पेनल्टी, मिळाला. गोल झाला असता तर पश्चिम बाहेर. हान्स एंगेलनं मारला आणि गोलरक्षक मानफ्रेड हॉफमाननं पायानं अडवला. सामना हरून पश्चिम जर्मनी ऑलिंपिकला गेला, तिथं चौथा आला. आमचा गोलकीपर ही ओळ वाचल्यापासून सात मीटरला हात वर करून पुतळ्यासारखा उभा राहत नाही, गुडघा मोकळा सोडून नाचत राहतो. तक्त्याचा मला झालेला सगळ्यात मोठा उपयोग हाच.

प्रशिक्षकांची नावं शेऱ्यात घाला, म्हणजे ओळी एकमेकींना जोडल्या जातात. 1978 चा प्रशिक्षक व्लादो स्टेंझेल. त्यानंच 1972 ला युगोस्लाव्हियाला ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं होतं. 1978 च्या संघातला हायनर ब्रांड 2007 ला प्रशिक्षक म्हणून जगज्जेता झाला. त्या स्पर्धेत जर्मनी साखळीत पोलंडकडून हरला होता. उपांत्य फेरीत फ्रान्सला दोनदा जादा वेळ खेळून 32-31 नं काढलं, आणि कोलोनच्या अंतिम सामन्यात त्याच पोलंडला 29-24. जिंकल्यावर ब्रांडच्या मिशा जशा भरघोस, तशा खोट्या मिशा सगळ्या खेळाडूंनी ओठांवर चिकटवल्या. त्या जागी एक मिशी काढायला पोरांना परवानगी द्या, हरकत नाही.

एक नोंद संघाच्या सामन्याची नसली तरी मी लिहून घेतो. 1978 च्या संघातला योआखिम डेकार्म 30 मार्च 1979 ला हंगेरीत तताबान्या इथं क्लबचा सामना खेळताना धडकून पडला. खाली सिमेंट, वर पातळ पीव्हीसीचा थर. तो 131 दिवस कोमात होता. पुढच्या ओळींत त्याचं नाव का दिसत नाही, हे कोणीतरी विचारतंच. शिवाय आपल्याकडं निम्म्या शाळांचं कोर्ट फरशीवर नाहीतर सिमेंटवर आखलेलं असतं. उडी मारून शॉट घेणाऱ्याला हवेत ढकलायचं नाही, हा नियम या ओळीपाशी उभं राहून सांगितला की वेगळा पटतो.

अलीकडचं भराभर उरकतं. 2004 ला युरोपचं विजेतेपद, त्याच वर्षी अथेन्सला क्रोएशियाकडून हरून रौप्य. 2016 ला परत युरोप, स्पेनवर 24-17, आणि रिओत कांस्य. 2024 च्या ऑलिंपिकमध्ये, लीलला, रौप्य. डेन्मार्कनं 39-26 असं धुतलं. तो आकडाही स्वच्छ अक्षरात लिहा, लपवायचं काही कारण नाही.

भारत कुठं, असं लेकरं विचारणारच. आपला पुरुष संघ अजून जागतिक स्पर्धेपर्यंत पोहोचलेला नाही. त्यासाठी आशियाची वेगळी शीट करा: 1977 पासूनची आशियाई अजिंक्यपद स्पर्धा, 2014 पासून कतारचा दबदबा, आणि 1982 चं दिल्ली एशियाड, जिथं हा खेळ एशियाडमध्ये पहिल्यांदा आला आणि चीननं सुवर्ण नेलं.

जर्मनीच्या शीटवर खाली जागा सोडायला विसरू नका. जानेवारी 2027 ची जागतिक स्पर्धा तिथंच आहे. यजमान आणि 32 संघ हे दोन रकाने आताच भरून टाका. बाकीची ओळ कोण भरणार त्याचं नाव पेन्सिलीनं कोपऱ्यात लिहून ठेवा, कारण जानेवारीत स्नेहसंमेलनाच्या गडबडीत सगळे हात वर करतात आणि लिहीत कोणीच नाही.