उदासी, चिंता आणि हातातला फोन
पाटणच्या डोंगरातून साताऱ्याला किंवा जतहून सांगलीला मनोविकारतज्ज्ञाकडे जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. त्यामुळे सुरुवात फोनवरून करा. १४४१६ हा ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक, २०२२ पासून चालू, दिवसरात्र. लागल्यावर मराठी निवडा.

त्याआधी कागदावर झोप, भूक आणि चालू गोळ्या लिहा; थायरॉईडची, बीपीचीही. मग ‘पीएचक्यू-९’ ही नैराश्याची लक्षणं तपासणारी प्रश्नावली भरा: मागच्या २ आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण. बेरीज १० किंवा जास्त आली तर डॉक्टरांना दाखवाच. हे निदान नव्हे. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथे शून्याहून जास्त आलं तर बेरीज करत बसू नका, लगेच बोला. जिवाला धोका असेल तर ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावा.

घरात माणसं असली की बोलणं अडतं. गच्चीवर, शेताच्या बांधावर जा. रेंज तुटत असेल तर व्हिडिओ सोडा, साधा कॉल पुरतो.

डॉक्टरांनी नैराश्याच्या गोळ्या दिल्या, तर गुण दिसायला २ ते ४ आठवडे लागतात, कधी ६. नेमक्या याच काळात अनेकजण त्या सोडतात. अचानक बंद केल्यास चक्कर, बेचैनी येऊ शकते. आधी डॉक्टरांना विचारा.

श्वासाच्या व्यायामाचं ॲप जरूर वापरा, पण ते तुमचे कॉन्टॅक्ट मागत असेल तर काढून टाका.