एफ वनची एकच गाडी धरून अख्खा सीझन कसा बघायचा

कोण जिंकलं एवढंच बघत असाल तर एफ वनचे काही सीझन जाम कंटाळवाणे जातात. २०२३ चंच घ्या, २२ पैकी २१ रेस रेड बुलने खाल्ल्या, सिंगापूरला तेवढा फेरारीचा साइन्झ मध्ये घुसला. पण त्याच वर्षी मी मॅकलॅरनची एमसीएल६० ही एकच गाडी धरून बसलो होतो आणि दर वीकेंडला काहीतरी नवीन सापडत होतं. तर ते कसं करायचं ते सांगतो, उदाहरण त्याच गाडीचं, कारण तिच्यात सगळंच घडलं.

आधी गाडी निवडा. सगळ्यात पुढची नको, तिला सुधारायला जागाच कमी असते, सगळ्यात मागचीही नको कारण तिथे बरेचदा पैशाचीच ओढाताण असते. मधल्या फळीतली घ्या, आणि शक्यतो जिची टीम लॉन्चलाच थोडी कुरकुर करतेय अशी. एमसीएल६० फेब्रुवारी २०२३ मध्ये दाखवली (टीमला ६० वर्षं झाली म्हणून ६०, ब्रूस मॅकलॅरनने १९६३ ला सुरू केलेली टीम) तेव्हाच टीमने सांगून टाकलं होतं की ठरवलेलं सगळं साधलेलं नाही, खरा बदल नंतर येईल. लॉन्चला सगळेच गोड बोलतात, त्यामुळे कोणी कडू बोललं की कान टवकारायचे.

मग एक वही करा किंवा फोनवर शीट. रेसचा निकाल त्यात लिहाच, पण शेवटच्या कॉलममध्ये. पहिल्या कॉलममध्ये क्वालीफायिंगमधलं (रेसला कोण कुठून सुटणार ते ठरवणारी फेरी) पोलपासूनचं (तिथला सगळ्यात फास्ट टाइम) अंतर, आणि तेही सेकंदात नाही, टक्क्यात. का? तर ट्रॅकची लांबी वेगवेगळी असते. समजा पोल ८० सेकंदांचा आणि आपली गाडी ०.८ ने मागे, तर झाला १ टक्का. दुसऱ्या ट्रॅकवर पोल १०५ सेकंदांचा आणि तेच ०.८ अंतर, तर झालं पाऊण टक्का, म्हणजे सेकंद तेवढेच पण गाडी जवळ आलीय. दोन्ही ड्रायव्हर्सपैकी जो फास्ट त्याचा टाइम घ्यायचा. पाऊस पडला तर तो आकडा लिहायचा पण त्यावर फुली मारून ठेवायची.

शुक्रवारच्या प्रॅक्टिसच्या टाइमवर विश्वास ठेवू नका, खरंच नका. टाकीत किती फ्युएल आहे कोणालाच माहीत नसतं, आणि साधारण १० किलो फ्युएलला लॅपमागे ०.३ सेकंदांच्या आसपास फरक पडतो, म्हणजे ३० किलो जास्त घेऊन फिरणारी गाडी जवळपास एका सेकंदाने स्लो दिसणार आणि आपण घरी बसून उगाच नाराज होणार. शुक्रवारी बघायचं ते वेगळंच. गाडीवर हिरवा किंवा पिवळा रंग फासलेला दिसला तर तो फ्लो-व्हिज, हवा कुठून वाहतेय त्याचे ओघळ त्यात उमटतात. चाकामागे मोठी जाळी लावलेली दिसली तर ते हवेचा दाब मोजणारे सेन्सर. या दोन्हीचा अर्थ एकच, विंड टनेलमध्ये (जोराचा वारा सोडून गाडीचं मॉडेल तपासतात ती जागा) दिसलं तेच ट्रॅकवर होतंय का ते टीम तपासतेय.

आणि शुक्रवारचीच दुसरी गोष्ट, मला सगळ्यात आवडणारी. २०२२ पासून प्रत्येक टीमला गाडीवर कोणते नवीन भाग आणले आणि कशासाठी, हे एफआयएला (एफ वनचे नियम करणारी संस्था) लिहून द्यावं लागतं आणि तो कागद सगळ्यांना वाचता येतो. भाषा एकदम रुक्ष असते पण बारकाईने वाचा. ‘या ट्रॅकपुरतं’ असं कारण असेल तर तो कमी ड्रॅगचा (हवेचा अडथळा) विंग वगैरे, पुढच्या रेसला परत निघणार. ‘परफॉर्मन्ससाठी’ असेल तर खरा अपग्रेड. फ्लोअर (गाडीचा तळ) बदलला असेल तर खाली लाल रेघ मारा. २०२२ ते २०२५ च्या नियमांतल्या गाड्यांचा बराचसा डाउनफोर्स (गाडीला रस्त्यावर दाबणारा जोर) खालच्या बोगद्यांतून यायचा. गाडी आणि रस्ता यांच्यामधून हवा जोरात जाते, दाब कमी होतो आणि गाडी खाली खेचली जाते. त्यामुळे फ्लोअरच्या कडेचा छोटासा वळसा बदलला तरी अख्ख्या गाडीचा स्वभाव बदलायचा.

आता वही कशी वाचायची. एमसीएल६० ची पहिली रेस बहरीनला, टीमचे दोन ड्रायव्हर नॉरिस आणि पियास्त्री, त्यात पियास्त्रीची गाडी इलेक्ट्रॉनिक्समुळे बंद, नॉरिसच्या इंजिनात न्यूमॅटिक प्रेशर गळत होतं म्हणून सहा वेळा पिटला येऊन तो शेवटचा, सतरावा. हे वाचून गाडी भंगार म्हणाल, पण गळती म्हणजे वेग नव्हे. उलट तिसऱ्या रेसला ऑस्ट्रेलियात सहावा आणि आठवा, १२ पॉइंट्स, सगळे खूश, पण ती रेस रेड फ्लॅग (रेस मध्येच थांबवणं) आणि धडकाधडकीची होती, पुढचे बाहेर गेले म्हणून हे वर आले. स्पेनला नॉरिस क्वालीत चक्क तिसरा, ट्रॅक ओलसर होता, आणि रेसला पहिल्याच लॅपला टक्कर होऊन सतरावा. म्हणजे निकाल दोन्हीकडून फसवतो, वाईटही आणि चांगलाही. पहिल्या आठ रेसमध्ये एकूण १७ पॉइंट्स, बास. टक्क्यांचा कॉलम मात्र कोरड्या क्वालीत आपला तिथेच रेंगाळत होता आणि तोच खरं बोलत होता.

मग इतके दिवस टीम काय झोपली होती का? नाही. वेळ लागतोच. कल्पना आधी कॉम्प्युटरवर, मग मॉडेलवर विंड टनेलमध्ये (मॉडेल जास्तीत जास्त ६० टक्के आकाराचं, हवा जास्तीत जास्त सेकंदाला ५० मीटर, हे नियमच आहेत), मग खरा भाग बनवायचा, तपासायचा, यात काही महिने जातात. म्हणून जुलैमध्ये गाडीवर दिसणारं बरंचसं काम हिवाळ्यात नाहीतर वसंतात सुरू झालेलं असतं. त्यात टनेलच्या वेळेलाही रेशन. पहिल्या नंबरच्या टीमला ठरलेल्या वेळेच्या ७० टक्के, दहाव्याला ११५, मधे पाच-पाचने वाढत जातं, आणि ३० जूनच्या क्रमवारीनुसार वाटप परत ठरतं. मॅकलॅरन २०२२ ला पाचवी होती म्हणजे ९० टक्के, २०२३ च्या जूनअखेर सहावी म्हणजे ९५. शिवाय तेव्हा त्यांचं काम जर्मनीत कोलोनला टोयोटाच्या टनेलमध्ये चालायचं, इंग्लंडमध्ये वोकिंगला, टीमच्या मुख्यालयातला स्वतःचा नवीन टनेल २०२३ च्या ऑगस्टमध्ये वापरात आला. वरून खर्चाची मर्यादा, त्यामुळे ड्रायव्हरने गाडी ठोकली की मोडलेल्या भागांचे पैसे अपग्रेडच्याच पैशातून जातात. अपघाताचा वेगळा कॉलम ठेवाच.

आणि आता सोन्यासारखा वीकेंड. ऑस्ट्रिया, जुलैची सुरुवात. मोठा अपग्रेड तयार झाला पण एकाच गाडीपुरता, तो नॉरिसला दिला, पियास्त्री जुन्या गाडीवर. घरी बसून बघणाऱ्याला यापेक्षा चांगला प्रयोग मिळतच नाही, तोच ट्रॅक, तीच हवा, तेच टायर, एक नवी आणि एक जुनी. नॉरिस चौथा आला, पियास्त्री पॉइंट्सच्या बाहेर. ड्रायव्हरचा फरक असणारच, पियास्त्रीचं पहिलंच वर्ष होतं, म्हणून या दोघांमधलं आधीच्या रेसचं अंतर काढा आणि ते ऑस्ट्रियातल्या अंतरातून वजा करा, उरलं ते साधारण गाडीचं. आठवड्याने सिल्व्हरस्टोनला बहुतेक नवीन भाग पियास्त्रीलाही मिळाले, क्वालीत दुसरा आणि तिसरा, रेसला नॉरिस दुसरा, पियास्त्री चौथा. मग हंगेरीत नॉरिस परत दुसरा, ट्रॅक एकदम वेगळ्या जातीचा. सिल्व्हरस्टोनला फास्ट वळणं, हंगेरीला स्लो, दोन्हीकडे चालली म्हणजे अपग्रेड खरा, हे तेव्हा लिहून टाकलं.

लगेच हुरळून जायचं नाही. स्पा आणि मॉन्झा हे सरळ रस्त्यांचे ट्रॅक, तिथे गाडी ड्रॅगमुळे मागे पडली, सातवा, आठवा असले नंबर. म्हणून ट्रॅकच्या जातीचाही एक कॉलम हवा, स्लो वळणं, फास्ट वळणं, सरळ रस्ता, तीन अक्षरं पुरतात. मग सिंगापूरला पुढचा मोठा अपग्रेड, परत आधी नॉरिसला, तो दुसरा. जपानला दोघांनाही मिळाला आणि दोघंही पोडियमवर (पहिल्या तिघांत). कतारला पियास्त्रीने स्प्रिंट (शनिवारची छोटी रेस) जिंकली. सीझनअखेर ३०२ पॉइंट्स, चौथा नंबर. १७ वरून.

एक वही कमी पडते हेही सांगतो, शेजारची एखादी गाडीसुद्धा अधूनमधून लिहा. मी अ‍ॅस्टन मार्टिन लिहीत होतो. त्यांच्या अलोन्सोने पहिल्या आठ रेसमध्ये सहा पोडियम घेतले, वाटलं हे वर्ष यांचंच. शेवटी २८० पॉइंट्स आणि पाचवा नंबर. गाडी अचानक खराब होत नसते, बाकीचे पुढे जातात आणि आपण आणलेला भाग लागू पडत नाही. ऑस्टिनला आणलेले नवीन भाग चालेनात म्हणून त्यांच्यावर जुन्या भागांकडे वळायची वेळ आली. असं उलटं जाणं दिसलं की त्यावर गोल करा, कारण तिथे टनेल एक सांगतंय आणि ट्रॅक दुसरंच, आणि तो घोळ एका वीकेंडमध्ये निस्तरत नाही.

ऑगस्टमध्ये दोन आठवडे फॅक्टरी सक्तीने बंद असते, तेव्हा वही वाचून काढा, मजा येते. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरनंतर नवीन भाग येणं थांबलं तर टीमला आळशी म्हणू नका, लोक पुढच्या वर्षीच्या गाडीवर गेलेले असतात. शेवटच्या रेसचं पान भरलं की वही टाकू नका, दोन-चार कोरी पानं सोडा, पुढच्या टेस्टिंगला नवीन गाडीचे साइडपॉड (दोन्ही बाजूंचे फुगीर भाग) आणि फ्लोअरची कड जुन्या फोटोशेजारी ठेवून बघायला लागतात.