बसून स्कीइंग: खर्च कुठे वाचवावा, कुठे नाही

पायांत ताकद नसली तरी बसून स्कीइंग करता येते. त्यासाठी बर्फावर घसरणाऱ्या स्कीवर सीट बसवलेली असते. धडाचा तोल चांगला असेल तर एकाच स्कीची मोनो-स्की, कमी असेल तर दोन स्कींची बाय-स्की. बाय-स्कीला मागून प्रशिक्षक पट्ट्याने धरून ठेवू शकतो. ही साधने फार महाग असतात. शिकण्याआधी विकत घेऊ नका. अ‍ॅडॅप्टिव्ह, म्हणजे दिव्यांगांसाठीचे स्कीइंग शिकवणाऱ्या केंद्रात साधन, प्रशिक्षक आणि उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टचा पास अनेकदा एकाच शुल्कात मिळतो, म्हणून पास वेगळा काढण्याआधी विचारा. सुट्टीचा हंगाम आणि शनिवार-रविवार टाळले की राहण्याचा खर्चही उतरतो.

नोंदणी करतानाच वजन, उंची, बसल्यावरची नितंबांची रुंदी आणि मणक्याच्या इजेची पातळी कळवा. सीट सैल असेल तर शरीर आतल्या आत सरकते, स्की कलून तिच्या धारेवर येत नाही आणि वळण फसते. मोकळी जागा फोमने भरून घ्या, पट्टे घट्ट आवळा. पण संवेदना नसलेल्या जागी घट्टपणा कळत नाही, तिथेच दाबजखम होते! म्हणून जेल किंवा हवेची गादी न्या, मधूनमधून अंग उचलून दाब हलका करा आणि उतरल्यावर कातडी तपासा. लाली टिकून राहिली तर त्या दिवशी पुन्हा बसू नका. पायांच्या तळव्यांना गरम पाकिटे थेट लावू नका, भाजलेले समजणार नाही. लघवीच्या पिशवीची नळी पट्ट्याखाली दबत नाही ना, हे निघण्याआधी पाहाच.