वजन घटवण्याचा दावा तपासावा कसा?

गेल्या गणपतीत चिपळूणजवळच्या गावी गेले होते, तेव्हा मावशीने फडताळातून एक डबा काढून माझ्यापुढे ठेवला आणि विचारले, "हे घेऊ की नको, तेवढं सांग." डब्यात साठ कॅप्सूल होत्या. दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरांत "चरबी वितळवते, भूक आवरते, शंभर टक्के नैसर्गिक" असे छापले होते आणि मागे, चष्मा लावूनही जेमतेम वाचता येईल अशा अक्षरांत, "गार्सिनिया कंबोजियाचा अर्क" असे लिहिले होते. हे झाड कोकमाच्याच कुळातले आहे. केरळात त्याच्या वाळवलेल्या सालीला कुडमपुळी म्हणतात आणि माशाच्या कालवणात ती आमसुलासारखी घालतात. मावशी दर मे महिन्यात अंगणात स्वतः कोकमाची साले वाळवते, आणि त्याच कुळातल्या आम्लासाठी तिने हजाराच्या वर रुपये मोजले होते. मी महाविद्यालयात अन्नरसायन शिकवते, तरीही तिला नीट उत्तर द्यायला मला दोन संध्याकाळी लागल्या. ते उत्तर ज्या क्रमाने सापडले तो क्रम कोणत्याही डब्याला, पावडरीला किंवा आहारपद्धतीला लावता येतो, म्हणून येथे सविस्तर मांडत आहे.

सुरुवातीला वही घ्यावी आणि दावा आपल्या शब्दांत, एका वाक्यात लिहून काढावा: वजन किती कमी होणार, किती दिवसांत, कोणाचे आणि कशाच्या तुलनेत. "चरबी वितळवते" हे वाक्य या चारांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही. "चयापचय सुधारते" आणि "शरीर डिटॉक्स करते" यांचीही तीच गत आहे. शरीरातून नेमका कोणता पदार्थ बाहेर पडतो त्याचे नाव विचारावे. नाव सांगता आले नाही, तर तपासण्याजोगा दावाच केलेला नाही असे समजावे आणि तेथेच थांबावे.

दावा आकड्यांत असेल तर पुढचे काम गणिताचे आहे, आणि ते पाचवीतल्या मुलालाही जमेल. अंगावरच्या एक किलो मेदात सुमारे ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा साठलेली असते. "सात दिवसांत पाच किलो" हा दावा खरा ठरायचा तर ३८,५०० किलोकॅलरींची तूट पडायला हवी, म्हणजे रोज ५,५००. घरकाम आणि थोडे चालणे असणाऱ्या मध्यमवयीन स्त्रीचा दिवसभराचा एकूण खर्चच २,००० किलोकॅलरींच्या आसपास असतो. तिने सात दिवस पाण्याखेरीज काहीही तोंडात घातले नाही, तरी तूट १४,००० किलोकॅलरींचीच होते, म्हणजे मेदाच्या हिशेबात जेमतेम १.८ किलो. मग काट्यावर पाच किलो कमी झालेले दिसतात ते कुठून? बहुतेक पाण्यातून. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाचा पिष्टमय साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. भात-पोळी एकदम बंद केली की तो साठा आणि ते पाणी दोन्ही निघून जातात, आणि पुन्हा जेवू लागले की दोन्ही परत येतात. पहिल्या आठवड्यातली घट पाहून कोणत्याही उपायाला श्रेय देऊ नये, हे मी आग्रहाने सांगते, कारण याच एका आठवड्याच्या जोरावर लोक तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरून बसतात.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: कशाच्या तुलनेत? गार्सिनियातल्या हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लाबद्दल प्रयोगशाळेत मिळालेली माहिती खोटी नाही. पिष्टापासून मेद तयार होण्याच्या वाटेवरचे एक विकर (एन्झाइम) हे आम्ल अडवते, हे उंदरांवरच्या प्रयोगांतून अनेक दशकांपूर्वी दिसले होते. विकर अडले म्हणजे माणूस बारीक होईलच असे मात्र नाही, आणि ते पाहण्यासाठीच माणसांवर चाचणी घ्यावी लागते. तशी चाचणी अमेरिकेत झाली आणि तिचा अहवाल १९९८ मध्ये तिथल्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वजन जास्त असलेल्या १३५ जणांना सोडत काढावी तसे दोन गटांत विभागले. एका गटाला रोज १,५०० मिलिग्रॅम हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल दिले, तर दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. दोन्ही गटांना कमी उष्मांकाचा, भरपूर तंतुमय आहार सांगितला. बारा आठवड्यांनंतर अर्क घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलो घटले. नुसत्या गोळीवाल्यांचे ४.१ किलो घटले. हा फरक योगायोगाने पडू शकेल इतकाच होता, म्हणजे अर्काने काहीही साधले नव्हते.

हे आकडे मी मावशीला पाटीवर लिहून दाखवले आणि दुसऱ्या गटावर हात ठेवला. उरले ते वाक्य असे: "बारा आठवड्यांत ३.२ किलो घट." वाक्य खरे आहे, आकडाही खरा आहे आणि डब्यावर छापला तर कोणी त्याला खोटे म्हणू शकणार नाही. जाहिरातींतल्या "आधी" आणि "नंतर"च्या छायाचित्रांत, शेजारणीच्या अनुभवात आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या हकिगतींत नेमका हा दुसरा गट नसतो. ज्या दिवशी माणूस डबा विकत घेतो त्याच दिवशी तो चहातली साखर कमी करतो, संध्याकाळी चालायला लागतो आणि रात्रीचे जेवण आवरते घेतो. वजन त्यामुळे उतरते. नाव कॅप्सूलचे होते.

चाचणी झाली आहे एवढे ऐकूनही समाधान मानू नये. किती माणसे होती, किती दिवस चालली आणि पैसा कोणी दिला, हेही विचारावे. हिरव्या, न भाजलेल्या कॉफीच्या अर्काची हकिगत या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यावरचा एक अभ्यास बंगळूरमध्ये अवघ्या १६ जणांवर झाला होता, आणि त्याचा खर्च तोच अर्क विकणाऱ्या अमेरिकी कंपनीने केला होता. अमेरिकेतल्या दूरचित्रवाणीवर त्याचा गाजावाजा झाला आणि अर्काची जोरात विक्री झाली. २०१४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने अभ्यासातल्या वजनाच्या नोंदीच बदलल्या गेल्याचे उघड केले, कंपनीला ३५ लाख डॉलर भरावे लागले आणि निबंध मागे घेण्यात आला. ही माहिती जाहीर होऊन दहा वर्षे उलटली, तरी हिरव्या कॉफीच्या पुड्या आपल्याकडे आजही विकल्या जातात.

आहारपद्धतींनाही "कशाच्या तुलनेत?" हाच प्रश्न लावावा. महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दिवसातून दोनदा जेवण्याची पद्धत आणि ऋजुता दिवेकर यांचा थोडे थोडे, वरचेवर खाण्याचा सल्ला यांवरून घराघरांत वाद झाले. दोन्हीकडे वजन उतरल्याची उदाहरणे आहेत आणि ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु एका पद्धतीने वजन उतरले म्हणजे दुसरी चुकीची ठरत नाही. २०१८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांवर केलेल्या वर्षभराच्या चाचणीत कमी स्निग्धाच्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलो आणि कमी पिष्टाच्या गटाचे ६ किलो घटले, आणि त्या फरकाला संख्याशास्त्रीय अर्थ नव्हता. प्रत्येक गटाच्या आत मात्र कोणाचे वजन पुष्कळ उतरले, तर कोणाचे उलट वाढले. यावरून मी हा निष्कर्ष काढते की जी पद्धत आपल्या घरच्या स्वयंपाकात, आपल्या कामाच्या वेळांत दोन वर्षे निभेल, ती निवडावी. ज्यांना इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनी मात्र जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नयेत, कारण साखर एकाएकी खाली जाण्याचा धोका खरा आहे.

आता डबा उलटा करावा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, म्हणून "मल्टिग्रेन" बिस्किटांत पहिले नाव मैद्याचे असेल तर तो मैदाच आहे. "साखर घातलेली नाही" असे लिहिले असेल तर माल्टोडेक्स्ट्रिन (पिष्टापासून केलेली पावडर), खजूर किंवा गूळ दिसतो का ते पाहावे. गुळात आणि साखरेत उष्मांक जवळजवळ सारखेच असतात. एफएसएसएआयचा (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा आकडी क्रमांक उत्पादकाकडे परवाना असल्याचे सांगतो. त्या पदार्थाने वजन उतरते हे सरकारने तपासून पाहिले आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. अनेक वनस्पतींची नावे देऊन "मिश्रण ८०० मिलिग्रॅम" असा एकच आकडा दिला असेल तर कोणता घटक किती आहे हे कळतच नाही, आणि चाचणीत वापरलेल्या मात्रेशी त्याची तुलना करता येत नाही. लठ्ठपणा बरा करणाऱ्या औषधाची जाहिरात करणे आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे. डब्यावर "औषधी वापरासाठी नाही" अशी ओळ असते ती एफएसएसएआयच्या पूरक आहाराच्या नियमांमुळे.

प्रोटीन पावडरीबद्दल थोडे थांबून सांगते, कारण माझे विद्यार्थी सर्वांत जास्त पैसा तिच्यावर घालवतात. प्रथिने मोजण्याची रूढ केल्डाल पद्धत प्रथिन मोजत नाही. ती नमुन्यातला नायट्रोजन मोजते, आणि त्या आकड्याला ६.२५ ने गुणले जाते. ग्लायसीनसारखे स्वस्त अमिनो आम्ल मिसळले की नायट्रोजन वाढतो आणि कागदावर प्रथिनही वाढते. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन हे नायट्रोजनयुक्त रसायन मिसळले गेले ते याच पळवाटेने, आणि त्यात तान्ही मुले दगावली. भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरींच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत सुमारे ७० टक्के पावडरींवर प्रथिनांची माहिती चुकीची आढळली. पावडर घेण्याआधी गरज मोजावी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिन पुरते, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम. दोन वाट्या आमटी, एक वाटी मटकीची उसळ, चार पोळ्या, थोडा भात आणि दोन पेले दूध किंवा दही यांत ते जवळजवळ भरून निघते. जड व्यायाम करणाऱ्याला, वृद्धाला किंवा आजारातून उठणाऱ्याला जास्त लागू शकते. तेव्हा पावडरीची किंमत भागिले तिच्यातले एकूण प्रथिन हा भागाकार करावा आणि सोयाबीन, अंडी किंवा डाळीच्या तशाच भागाकाराशेजारी ठेवून पाहावा.

सगळेच थोतांड आहे असे समजणे ही दुसऱ्या टोकाची चूक आहे, आणि तीही नुकसान करते. बी-१२ जीवनसत्त्व नैसर्गिकरीत्या प्राणिजन्य अन्नातच मिळते, आणि मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांत ते कमी होऊ शकते. मावशी शाकाहारी आहे आणि नऊ वर्षे मेटफॉर्मिन घेते. तिने तपासणी केली, प्रमाण कमी निघाले आणि डॉक्टरांनी गोळी सुरू केली. ती गोळी तिला खरोखर हवी होती. गर्भधारणेआधी घेतलेले फॉलिक आम्ल बाळाच्या मज्जारज्जूचे दोष टाळते, हेही चाचण्यांनी सिद्ध झालेले आहे. वजनाच्या बाबतीत खरा परिणाम कसा दिसतो ते सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या औषधाच्या चाचणीत पाहावे. १,९६१ जणांच्या त्या चाचणीत ६८ आठवड्यांनंतर औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्के, तर दुसऱ्या गटाचे २.४ टक्के घटले. त्याबरोबर मळमळ, उलटी असे त्रासही नोंदवले गेले, आणि औषध थांबवल्यावर एका वर्षात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आले. हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे औषध आहे. "नैसर्गिक सेमाग्लुटाइड" असे सांगून कोणी काही विकत असेल तर त्याच्याकडे किती जण, किती आठवडे आणि दोन्ही गटांची घट किती, हे चारही आकडे मागावेत.

"नैसर्गिक आहे, अपाय तर होणार नाही ना" हा प्रश्न मला सर्वांत जास्त काळजीत टाकतो. गार्सिनिया असलेल्या गोळ्या घेतल्यानंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. ग्रीन टीच्या अर्कातले ईजीसीजी हे कॅटेचिन (चहाच्या पानांतले एक रसायन) पूरक म्हणून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त घेतल्यास यकृतावर ताण येऊ शकतो, असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये म्हटले. चहाचा कप आणि अर्काची कॅप्सूल यांत मात्रेचा फरक आहे. आणि ज्या "वनौषधी" कॅप्सूलने भूक खरोखरच मरते, तिचा संशय सर्वांत जास्त घ्यावा. हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो म्हणून भारतात २०११ मध्ये बंदी घातलेले सिब्युट्रामिन हे भूक मारणारे औषध अशा गोळ्यांत लपवलेले अनेक देशांत वारंवार सापडले आहे. छातीत धडधड, झोप उडणे, तोंडाला कोरड आणि रक्तदाब वाढणे ही त्याची लक्षणे आहेत.

तरीही कोणी गोळी घेतच असेल, तर डब्याचे छायाचित्र काढून ठेवावे, सुरू केल्याची तारीख लिहावी आणि पुढच्या भेटीत तो डबाच डॉक्टरांपुढे ठेवावा. चालू औषधे कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नयेत. लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, उजव्या बरगडीखाली दुखणे किंवा अंगभर खाज येणे यांपैकी काहीही दिसले तर गोळी त्याच दिवशी थांबवून यकृताची तपासणी करून घ्यावी. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णाला स्वतः करता येते, आणि फसव्या दाव्याची तक्रार १९१५ या ग्राहक क्रमांकावर. त्या वेळी डब्यावरचा बॅच क्रमांक विचारला जातो, म्हणून रिकामा डबाही फेकून देऊ नये.